चिखलाचे रसग्रहण

पूर्वी घरातला मुलगा रस्ता सोडून वागायला लागला की आईवडील नवस बोलत. हल्ली रस्ता सोडायला वर्गणी भरावी लागते आणि तिची रीतसर पावती मिळते. चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची, चारचौघांनी मिळून मंडळ काढायचं, रविवारी पहाटे गजर लावून उठायचं आणि करदात्यांच्या पैशातून झालेला डांबरी रस्ता एका अंगाला ठेवून दुसऱ्या अंगाच्या ओढ्यात उतरायचं, याला 'ऑफ-रोडिंग' म्हणतात. मराठीत याला स्वतंत्र शब्द नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे हा छंद नव्हता, परिस्थिती होती.

या छंदावर कोणी चार टीकात्मक शब्द लिहिलेले माझ्या वाचनात नाहीत. नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, हल्ली मिसळीचंसुद्धा येतं आणि रश्श्याला तारे मिळतात. मग इतका खर्चाचा, इतका गोंगाटाचा आणि इतके कपडे खराब करणारा प्रयोग आमच्या डहाणू-तलासरीकडे होत असताना त्याची दखल कोणीच घेऊ नये, हा अन्याय आहे. माझी पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. गाडीतलं मला कळतं ते कर्जखात्यापुरतं. पण गाण्यावर लिहिणाऱ्याला सा लावता आलाच पाहिजे, असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता. शिवाय आमच्या शाखेतले एक सहकारी अशाच एका मंडळाचे सभासद आहेत. त्यांच्या आग्रहाखातर अख्खा पावसाळा मी नवशिका म्हणून हा प्रयोग रंगमंचावरच बसून पाहिला आहे, आधी शेजारच्या आसनावरून आणि पुढे पुढे स्टिअरिंग हातात घेऊन.

नाटकासारखंच नेपथ्यापासून सुरुवात करू. नेपथ्याला माझे शंभरपैकी शंभर. पश्चिमेला डहाणूचा किनारा, सुरूची झाडं, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या (या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता). मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८. आणि तो ओलांडून पूर्वेकडे वळलं की कासा, दापचरी, कुर्झे धरण, आणि लांबवर गंभीरगड. तासा-दीड तासाच्या अंतरात वाळू, चिखल, गोटे आणि चढ असे चार अंक उभे राहतात. इतर ठिकाणी हौशी लोक यासाठी मुद्दाम चर खणतात आणि ओंडके टाकतात. आमच्याकडे पहिल्या पावसात चर आपोआप पडतात. हादऱ्यांचं मात्र आमच्या माणसांना कौतुक नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमिनीनेच हादरे द्यायला सुरुवात केली आणि त्या थंडीत लोकांनी घर असून बाहेर तंबूत रात्री काढल्या. अशा माणसाला मागच्या आसनावर बसवून, "काय मस्त दणका बसला, नाही?" असं विचारलं, तर तो नुसता खिडकीबाहेर बघतो.

संहिता मात्र वाचण्यासारखी आहे, आणि गाडीच्या जाहिरातीशी तिचा काडीचाही संबंध नाही. जाहिरातीतली गाडी एकटी असते, वेगात असते आणि डोंगराच्या टोकावर जाऊन थांबते. ती वर चढली कशी ते दाखवत नाहीत. उतरणार कशी हे तर विचारायचंच नाही. प्रत्यक्षात या खेळाचा पहिला धडा असा, की गाडीतून खाली उतरा. पुढचा तुकडा आधी पायी चालून या. गोटा कुठे आहे, माती कुठे बसकी आहे, पाणी किती आहे, ते काठी टोचून बघा. आमच्या भाषेत याला कर्जमंजुरीपूर्वीची स्थळपाहणी म्हणतात, आणि ती आमच्याकडेही बरेच लोक टेबलावर बसूनच करतात.

दुसरा धडा हवेचा. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा असेल, तर वाळूत किंवा चिखलात ती अठरा-वीसवर आणतात. मग टायर पसरतो आणि जास्त जमीन धरतो. ताठ असतो तो आधी रुततो, हे संतांनी सांगितलंच आहे. इथे ते पौंडात मोजतात. तिसरा धडा वेगाचा, म्हणजे तो नसण्याचा. अशा गाडीत नेहमीच्या गिअरशेजारी एक धाकटा दांडा असतो. तो 'फोर लो'वर टाकला की इंजिन जोरजोरात ओरडतं आणि गाडी मुंगीच्या पावलाने जाते, पण जाते. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरतं. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण गोट्यावर चाक आपटलं की स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरतं आणि अंगठा घेऊन जातं. पट्टा लावायचा, मग वेग बैलगाडीचा का असेना. आणि पाण्याचं म्हणाल, तर २०२० साली आलेल्या नव्या थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येईल असं कंपनी सांगते. म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. पण ओढ्याचं पाणी वाहतं असतं आणि ते कंपनीचं पत्रक वाचत नाही. वाहत्या पाण्यात न उतरणं हाही एक धडा आहे, आणि मंडळात तो शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

याच शिक्षणात मला 'डिफरन्शियल' नावाच्या अवयवाची ओळख झाली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना आपापल्या गतीने फिरू देणारी ही योजना. रस्त्यावर ती सोयीची असते. पण एक चाक चिखलात सैल पडलं, की हा गृहस्थ सगळी फिरकी त्या सैल चाकालाच देतो. ते गरगर फिरतं, चिखल उडवतं, मोठा आवाज करतं. कोरड्या जमिनीवर घट्ट उभं असलेलं दुसरं चाक, जे गाडी बाहेर काढू शकलं असतं, ते नुसतं बघत राहतं. सहकारी मला हे चित्र काढून समजावायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, चित्र कशाला? मी वीस वर्षं शाखेत आहे." यावर इलाज म्हणून 'लॉक' मिळतो. तो लावला की दोन्ही चाकांना बरोबरीने फिरावंच लागतं. शाखेत बसवता येण्याजोगा लॉक कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.

आता पात्रं. पहिलं पात्र नव्या गाडीचा नवा मालक. टपावर फावडं, शिडी, पाण्याचा डबा आणि लग्नाच्या मांडवाला पुरतील एवढे दिवे. गाडीने अजून चिखल पाहिलेला नसतो, पण चिखलाची सगळी तयारी तिच्या अंगावर असते. ती पहिल्यांदा रुतते तेव्हा मालकाचा चेहरा बघवत नाही. वास्तविक हप्ते सुरू झाले त्याच दिवशी तो सात वर्षांसाठी रुतलेला असतो. पण ते दिसत नाही. दुसरं पात्र जुन्या जीपवाल्याचं. जीपला काचा नाहीत, गारवा नाही, खाली तेलाचा थेंब पडतच असतो ("गळतंय तोवर आत तेल आहे," हे त्याचं सूत्र). बाकीचे बोलत असताना तो विडी ओढत बसतो, आणि शेवटी सगळ्यांना ओढून तोच बाहेर काढतो. तिसरं पात्र खुणा करणाऱ्याचं. चालकाला चाकाखालचं दिसत नाही, म्हणून एकाने पुढे उभं राहून हाताने खुणा करायच्या आणि चालकाने फक्त त्याच्याकडे बघायचं, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. मात्र आपल्या महाराष्ट्रात गाडी रुतल्यावर पाचव्या मिनिटाला अकरा माणसं खुणा करीत असतात. "डावं घे!" "अरे, डावं नाही, उजवं!" "सोड, सोड, आता सोडूनच दे!" सोसायटीच्या वार्षिक सभेत जे होतं तेच, फक्त इथे पाय ओले असतात.

तरीही सांगतो, हे रुतणं हाच या प्रयोगातला सर्वोत्तम प्रवेश. गाडी रुतली की डॉक्टर बूट काढतो, कंत्राटदार पँट वर घेतो, चिकूवाडीचा मालक गुडघाभर चिखलात उतरून चाकाखाली दगड लावतो. ताणला जाणारा पट्टा गाडीच्या सांगाड्यावरच्या भक्कम कडीलाच बांधायचा, भलत्या ठिकाणी नाही. आणि तो ताणलेला असताना बाकीच्यांनी लांब उभं राहायचं, कारण तुटला तर तो माणसाचा पाय मोडतो. हे सगळं न भांडता, एकमेकांचा पगार न विचारता चालतं. आपण मध्यमवर्गीय माणसं उपाशी राहू, पण शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागताना चार वेळा दाराशी जाऊन परत येऊ. आणि इथे भर रानात मोठ्याने "अहो, मी अडकलोय, ओढा मला!" असं ओरडतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. जाहिरात विकते ती एकट्याची मर्दुमकी. खेळ शिकवतो तो नेमका तिच्या उलट. एवढ्यासाठी मी या छंदाला बरे गुण देतो.

आता दोष. परीक्षणात दोष दाखवले नाहीत, तर लेखक नाटकमंडळीचा नातेवाईक आहे असं लोक समजतात.

पहिला दोष इतिहासाच्या अज्ञानाचा. आमच्या मंडळातल्या तरुणांना वाटतं, की हा खेळ अलीकडेच आला. जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी त्यांची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि मग मामलेदार, फॉरेस्ट, देवीची लस आणि निवडणूक, ही सगळी मंडळी आदिवासी पाड्यांवर जीपमधूनच आली. हौस म्हणून नाही. दुसरं काही पोचतच नव्हतं. आजही खरे कलावंत पाहायचे असतील तर प्रवासी जीपवाले पाहा. जोर फक्त मागच्या दोन चाकांना, आत दहा माणसं, मागे लटकलेली दोन, टपावर तांदळाची गोणी, आणि एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजत तो जी चढण चढतो, तिच्यासाठी आमचं मंडळ तीन बैठका घेतं. त्याला कोणी पदक देत नाही. नवशिक्याने पहिले आठ दिवस त्याच्या शेजारी बसून काढावेत. तिकीट काढून.

दुसरा दोष समुद्राशी सलगीचा. बोर्डीला ओहोटीच्या वेळी पाणी पार लांब जातं, वाळू ओटीसारखी घट्ट दिसते, आणि मग माणसाला गाडी घालायचा मोह होतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, पण आमच्या लोकलप्रमाणे रद्द होत नाही. जून २०२४ मध्ये कच्छमध्ये मुंद्र्याजवळ दोन थार अशाच समुद्रात अडकल्या आणि वर पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली. तिला बाहेर काढलं बैलगाडीने. कोट्यवधींची ती लाल गाडी पुढे, नव्हे मागे, आणि तिला ओढणारी बैलजोडी, हे दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. आठही पायांना जोर, हवा कमी करावी लागत नाही, आणि हप्ता म्हणाल तर कडबा!

तिसरा दोष मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो शब्दातच आहे. 'ऑफ-रोड' म्हणजे रस्त्याबाहेर, हे ठीक. पण रस्त्याबाहेर म्हणजे रिकामं, असं आमची मंडळी धरून चालतात. डहाणू-तलासरीत रिकामं काही नाही. ज्याला आपण 'मजेदार उंचवटा' म्हणतो तो भाताच्या खाचराचा बांध असतो. तो दर वर्षी हाताने माती घालून, थापून नीट केलेला असतो, कारण त्याच्यामुळे खाचरात पाणी उभं राहतं. जुलैत आवणी चालू असताना एक टायर त्यावरून गेला की बांध फुटतो, एका खाचराचं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं ओढ्यात जातं. मंडळाच्या वहीत याची नोंद 'उत्कृष्ट चढाई' अशी होते. शेतकऱ्याच्या वहीत नोंदच नसते, कारण त्याच्याकडे वही नसते. डोंगरउतारावरचं गवत आपल्याला मैदान वाटतं. ज्याचं असतं त्याचं ते पीक असतं.

आणि एक. गाडी फारच रुतली की जवळच्या पाड्यावरून माणसं बोलवायची, ती अर्धा तास ढकलतात, आणि आपण 'थँक्यू' म्हणून काच वर करतो. बाकी कुठेही हे असभ्य आहे. तलासरीत तो इतिहासाचा अपमान आहे. साहेबाचं काम फुकट करायचं नाही, वेठ धरायची नाही, हे ठरवायला मे १९४५ मध्ये इथल्याच झरी गावी हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्यावर लिहिलेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा टपावर आणखी एक दिवा लावण्याआधी ते वाचावं. आणि ढकलायला माणसं बोलवायची वेळ आली तर मजुरी आधी ठरवावी, शहरात क्रेनवाल्याशी ठरवतो तशी, फक्त घासाघीस न करता.

या मुद्द्यावर मंडळात जोरदार चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, "अहो, तिकडे वाढवणला एवढं मोठं बंदर येतंय, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचे खांब आलेत. त्यात आमच्या चार टायरांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न बिनतोड वाटतो. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आहे, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या प्राधिकरणाचे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं अध्यक्ष होते. ती सगळी लढाई मोठ्या कारखान्यांशी होती, टायरांशी नव्हे, हेही खरं. पण मी बँकेतला माणूस आहे. बड्यांचं कर्ज बुडीत खात्यात टाकलं म्हणून धाकट्याला हप्ता माफ झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ज्याचा त्याचा हप्ता ज्याने त्याने भरायचा.

या साऱ्यावरची सगळ्यात नेमकी टीका माझी नाही, कुर्झ्याच्या बाजूला भेटलेल्या एका म्हाताऱ्याची आहे. आमच्या पाच गाड्या ओढ्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. म्हातारा गुरं घेऊन चालला होता. आम्ही वाट चुकलो असं समजून त्याने काठीने दाखवलं.

"साहेब, रस्ता तिकडून आहे."

"माहीत आहे, बाबा," आमचे सहकारी उत्साहाने म्हणाले. "आम्हाला रस्ता नकोच आहे."

म्हाताऱ्याने पाचही गाड्या नीट पाहून घेतल्या. मग म्हणाला, "मग तुमचा आमच्या पाड्याला द्या."

आणि गुरं हाकत निघून गेला.

हे वाक्य हसून सोडता येत नाही, कारण त्याचा दुसरा अंक आमच्याच जिल्ह्यात घडून गेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीत एका बाईची दिवस भरण्याआधी घरीच प्रसूती झाली. जुळी बाळं गेली. रक्तस्राव थांबत नव्हता, आणि पाड्याला रस्ता नव्हता. नातलगांनी तिला झोळीत घालून निसरड्या, खडकाळ वाटेने सुमारे तीन किलोमीटर चालत मुख्य रस्त्याला आणलं, तेव्हा ती दवाखान्यात पोचली. तेवढ्या तुकड्याला आमच्या मंडळाने 'मध्यम अवघड' असा शेरा मारला असता आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो दोनदा करून झाला असता.

या गाड्यांनी असं काम होत नाही, असंही नाही. ऑगस्ट २०१८ च्या पुरात केरळातले हेच छंदी लोक आपल्या उंच गाड्या घेऊन पाण्यात उतरले आणि त्यांनी अडकलेली माणसं बाहेर काढली. म्हणजे हत्यार आहे, हात आहे, सरावही दर रविवारी चालू आहे. फक्त प्रयोग कोणासाठी करायचा, ते ठरायचं आहे. रस्ता करणं हे सरकारचं काम, ते त्याच्याकडून करून घेतलंच पाहिजे. पण तो होईपर्यंत पावसाळे थांबत नाहीत.

तेव्हा माझा अभिप्राय असा. खेळ चांगला आहे. नवशिक्याने खुशाल शिकावा. एकट्याने जाऊ नये, आधी पायी चालून यावं, ज्याची जमीन आहे त्याला विचारावं, आवणीच्या दिवसांत खाचराकडे फिरकू नये, बांध मोडला तर दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन हजर राहावं (ते टपावर आहेच, शोभेपुरतं कशाला?), आणि रात्री-अपरात्री कोणी बोलावलं तर गाडी काढावी.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एवढं बोलून खाली बसलो. बराच वेळ कोणी काही म्हणालं नाही. मग जुन्या जीपवाल्याने विडी विझवली आणि म्हणाला, "माझा नंबर लिहून घ्या." त्यामागून आणखी सात जणांनी दिले. लिहून घ्यायचं काम अर्थातच कारकुनाकडे आलं. मी सुवाच्य अक्षरात यादी केली: गाडी कोणती, मालक कोण, फोन कोणता, पाण्यातून किती जाते. सहकाऱ्यांना घेऊन ती पाड्यावरच्या आशाताईंच्या हातात नेऊन दिली.

ताईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. घडी घालून पिशवीत ठेवली. मग विचारलं, "आणि दादा, या गाड्या सोमवारीपण चालतात ना?"